भासऱ्यांच्या खुर्चीची खोळ

“विचाराचं नाई वो देवका. त्याईले काय लागते, काय नाई, हे तोंडानं विचाराचंच नाई. पाहाचं अन् गुपचूप करून ठेवाचं.”

वारलेल्या थोरल्या जावेचा, सखाबाईचा, हा आवाज देवकन्येच्या कानात आला तेव्हा ती न्हाणीमागच्या तारेजवळ उभी राहून खुर्चीचं कापड हातानं चाचपत होती. कापड ओलं होतं. पाऊस दसऱ्याआधीच गेला होता आणि दव काही एवढं पडत नव्हतं. कापड कुणीतरी धुतलं होतं, आणि धुणाऱ्याला धुण्याची सवय नव्हती. नेफ्यांच्या शिवणीत साबण तसाच पांढरा अडकून राहिला होता. तिनं ते नाकाजवळ नेलं, साबणाखाली लघवीचा वास होता, आणि लगेच खाली केलं. मग इकडेतिकडे पाहिलं, जणू चोरी तिनंच केली होती.

खुर्ची तिच्या भासऱ्यांची, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाची होती. धरणाकडे तंबूंचा एक कॅम्प आहे. तिथल्या घडीच्या खुर्च्यांची कापडं उंदरांनी कुरतडली की कॅम्पवरचा मनिष त्या देवकन्येकडे आणून टाकायचा. ती नवी कापडं शिवून, दोन्ही बाजूंच्या नेफ्यांत पाइप सरकवून, खुर्च्या तयार करून द्यायची. एकदा पाय वाकलेली एक खुर्ची तो, “ठेवा ताई, नाई तं भंगारात जाईन,” म्हणून सोडून गेला. कैलाशनं, तिच्या नवऱ्यानं, पाय ठोकून सरळ केला. चिखला गावच्या खाणीत उमर गेलेल्या भासऱ्यांना, टिकारामबुवांना, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नव्हतं. तेव्हापासून एका काखेत खुर्ची, दुसऱ्या हातात खंजेरी, असे ते रोज संध्याकाळी देवळात भजनाला जायचे. इतक्यात मात्र चार-पाच दिवस गेले नव्हते. गुडघा दुखते, म्हणाले होते.

दुखणं गुडघ्याचं नव्हतं, हे देवकन्येला आता कळलं.

पण बोलायचं कसं? लग्न होऊन या घरात आल्यापासून ती भासऱ्यांशी एक शब्द बोललेली नव्हती. त्यांच्यासमोर खाटेवर बसलेली नव्हती. अंगणात ते समोरून आले तर ती पदर ओढून भिंतीशी उभी राहायची, आणि भावसून पुढं असेल म्हणून तेही आत येण्याआधी खाकरायचे. त्यांच्या पाया पडायचं तेही लांबूनच, जमिनीला हात लावून. सखाबाई होती तोवर इकडचं तिकडं तीच पोचवायची. ती गेल्यावर ते काम दामिनीकडे, देवकन्येच्या मुलीकडे, आलं. दामिनी कॉलेजला गेली की मग तांबडी गाय.

“तांबडे, घरात म्हना, आज भाकर कमी करा,” भासरे गोठ्यातून म्हणायचे.

“तांबडे, त्याईले सांग, आमटी गरम आहे,” देवकन्या चुलीपासून म्हणायची.

दामिनी हसायची. “आई, तांबडीले पगार देत जा वो. सारा दिवस निरोप पोचवून राहिली बिचारी.”

हा निरोप मात्र ना दामिनीसोबत पाठवता येत होता ना तांबडीसोबत. देवकन्येनं तुळशीला पाणी घातलं, नेमाची माळ पुरी केली, आणि मशीनवर बसली. वर जुन्या टॉवेलचं दुहेरी कापड घेतलं. मध्ये सखाबाईच्या सुती लुगड्याच्या घड्या. खाली कॅम्पच्या कामातून उरलेलं रेक्झिन. बाजूंनी नाड्या लावल्या, म्हणजे खुर्चीच्या पाइपांना बांधता येईल. रंग कॉफीसारखा निवडला. पाहणाऱ्याला ती साधी गादी वाटली असती. दुपारी भासरे पडलेले असताना तिनं ती खोळ खुर्चीवर बांधून ठेवली, आणि न्हाणीमागं झाकणाची एक बादली.

ते उठले. खुर्चीजवळ बराच वेळ उभे राहिले. मग बसले.

दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक खोळ शिवली, मग आणखी एक. वापरलेली बादलीत पडायची, धुतलेली आपोआप खुंटीवर यायची. घरात कुणाला काही कळलं नाही. एवढी वर्षं पाळलेलं ते न बोलणं असं कामाला आलं. भासरे पुन्हा भजनाला जाऊ लागले. चुलीपाशी बसून तिला खंजेरी ऐकू यायची. त्या आवाजात आपलाही एक टाका आहे असं तिला एकदा वाटलं, आणि वाटलं म्हणून तिनं दोन्ही कान पकडले.

तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं.

गोदावरीबाई शेजारच्या गल्लीत राहायची. ब्लाउज शिवायला टाकायला आली आणि मशीनशेजारी बसून एकदम रडायलाच लागली. तिचे यजमान, गोपीचंद, लकव्यानं आडवे झाले होते. अंगणात बसवावं तर कपडे खराब होतात, लोक येतात-जातात. म्हणून आतल्या खोलीतच पडून असतात.

“म्हनतात, मले उजेड दाखव वो एकडाव,” गोदावरीबाई म्हणाली. “मी कशी दाखवू? कोनं पाह्यलं तं?”

“काकी, त्याले उपाय आहे,” देवकन्या म्हणाली.

“काय उपाय? दवाखान्यात बी पुसलं. ते लहान लेकराचं असते तसं घाला म्हनतात. हे घालू देत नाईत. हात झटकतात.”

देवकन्या उठून दाराशी गेली, बाहेर कुणी नाही ना पाहून आली. मग आवाज आणखी खाली घेऊन म्हणाली, “आमच्या मोठ्याबाबाईले बी तसंच होते. मी खुर्चीची खोळ केली. कोनाले कळत बी नाई. तुमाले शिवून देतो.”

मोठेबाबा ही दामिनीची हाक. देवकन्येच्या तोंडी भासऱ्यांसाठी दुसरं नाव नव्हतंच.

“टिकारामबुवाले?” गोदावरीबाईनं डोळे पुसले. “असे तं नाई दिसत वो.”

“कोनाजवळ बोलू नोका काकी.”

“माह्या पोटात राहीन, बाई. मी काय लहान आहो?”

देवकन्येनं खोळ शिवून दिली. गोदावरीबाईनं कुठूनशी खुर्ची मिळवली. दोघींचंही मन निर्मळ होतं. पुढं जे झालं त्यात वाईट बुद्धीचं कुणीच नव्हतं, आणि म्हणूनच देवकन्येला राग ठेवायला जागा सापडली नाही.

कार्तिक लागला होता. देऊळ भजनाला रोज भरत होतं. सभामंडपात उजव्या अंगाला बाया, समोर पुरुष, आणि भिंतीला लागून म्हाताऱ्यांसाठी कुणीतरी आपल्या आईच्या नावानं दिलेल्या घडीच्या खुर्च्या. भासरे आपली खुर्ची खांबाशी मांडायचे. त्या संध्याकाळी एक भजन संपलं, दुसरं सुरू व्हायचं होतं, आणि गोदावरीबाई धापा टाकत आत आली. तोंडावर नुसता आनंद.

“बुवा,” ती सगळ्यांदेखत म्हणाली, “आज माह्या मानसानं अंगनात बसून चना खाल्ला. बुढे झाले, पन लहान पोरावानी हासले. तुमच्या भावसुनेचे हात सोन्याचे आहेत गा. तुमाले केली तशी खोळ तिनं आमालेबी करून देल्ली. आता लागलं लघवीले तं लागलं. खाली थेंब नाई जात.”

टाळ उचलणाऱ्याचे हात थांबले.

मागून कुणीतरी म्हणालं, “तरीच. मी म्हनो, बुवाची खुर्ची गादीवाली काहून.” दोघंतिघं हसले. फार मोठ्यानं नाही.

देवळाचं बघणारा इश्वर पुढं आला. माणूस वाईट नव्हता, पण देवळाची फरशी त्यानं स्वतः उभं राहून बसवून घेतली होती. तो हळू आवाजात म्हणाला, “बुवा, राग नोका मानू. मले काही नाई. लोक ओलं-कोरडं पाहतात. उद्यापासून खुर्ची पायरीखाली लावत जा. तिथूनबी भजन आयकू येते.”

भासऱ्यांनी मान हलवली. खंजेरी पिशवीत ठेवली. उठले आणि खुर्ची मिटायला लागले. पण खोळ पाइपांना बांधलेली होती आणि त्यामुळं खुर्ची मिटेना. नाड्या सोडायला हव्या होत्या; रोज ते मंडप रिकामा झाल्यावर सावकाश सोडायचे. गाठी देवकन्येनं स्वतः आवळल्या होत्या, सरकू नये म्हणून पक्क्या. सगळ्या मंडपासमोर ते वाकून त्या गाठींशी झटत राहिले. खाणीत काम करून जाड झालेली बोटं; त्यांना ती बारीक नाडी सापडत नव्हती.

कुणी उठलं नाही. देवकन्या बायांमध्ये बसली होती, तिला उठता येत नव्हतं. भासऱ्यांच्या इतक्या जवळ जाऊन, त्यांच्या बसायच्या वस्तूला हात लावून, सगळ्या गावासमोर? तिचे हात मांडीवर होते आणि बोटं आपोआप गाठ सोडायच्या हालचाली करत होती.

शेवटी त्यांनी अर्धवट मिटलेली खुर्ची तशीच उचलली. दारातून नेताना तिचा पाय चौकटीला लागला, मग पुन्हा लागला. जाताना त्यांनी बायांच्या बाजूला पाहिलं नाही. देवकन्येपुढच्या फरशीकडे तेवढं पाहिलं.

त्यानंतर ते भजनाला गेले नाहीत. खुर्चीवरही बसले नाहीत. खोळी खुंटीवर कोरड्या राहू लागल्या, बादली रिकामी. दिवसभर ते गोठ्यात धानाच्या तणसावर बसायचे, तांबडीशेजारी, जिथं ओलं झालं तरी कुणी पाहणार नव्हतं. गुडघे मोडून बसायचं आणि दोर धरून उठायचं. पाणी कमी प्यायला लागले. दामिनी तांब्या घेऊन गेली की म्हणायचे, “ठेव माय, पेतो.” तांब्या संध्याकाळी भरलेलाच परत यायचा.

कैलाश तुमसरला राइस मिलमध्ये होता. त्याला ते मिलमध्येच कळलं. जेवायला बसल्यावर तो बराच वेळ भात नुसता कालवत राहिला.

“तुले कोनं सांगतलं होतं तोंड उघडाले?”

तिनं त्याच्या ताटात आमटी वाढली.

“तू कधी मोठ्यानं बोलत नाई,” तो म्हणाला. “अन् बोलली तं हे बोलली.”

त्यानं आवाज चढवला नव्हता. चढवला असता तर तिला सोपं गेलं असतं.

माळ ओढताना आता तिचं लक्ष राहत नव्हतं. नाव घ्यायला जायची आणि ओठांवर यायचं, आमच्या मोठ्याबाबाईले बी तसंच होते. मण्यागणिक तेच. तिनं माळ उशाखाली ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

गोदावरीबाई आली ती दारातच उभी राहिली. “मी तं चांगलंच बोलाले गेली वो, देवका. आनंद झाला होता. तोंडातून निंघून गेलं.”

देवकन्येच्या मनात आलं, म्हणावं, पोटात राहीन म्हनलं होतं ना. पण बाई आपल्या माणसासाठी बोलली होती. आणि माझ्याही तोंडातून तसंच निघून गेलं, तेही चांगल्यासाठीच. पहिलं तोंड कुणाचं उघडलं?

“बसा काकी,” ती म्हणाली. “काका बसतात का अंगनात?”

“नाई बसत. त्याईले बी कळलं. म्हनतात, माह्यापायी बुवा उठला.”

त्या दुपारी देवकन्येनं तांबडीसाठी सरकीची ढेप भिजवली आणि बादली घेऊन गोठ्याच्या कुडाशी आली. पलीकडे भासरे बसले होते हे तणसाच्या खसखशीवरून कळत होतं. ती कुडाच्या अलीकडेच थांबली.

“तांबडे,” ती म्हणाली. बादली खाली ठेवली. “तांबडे, सांग त्याईले, काकीची चूक नाई. मीच बोलली. माह्याच तोंडातून गेलं.”

पलीकडे खसखस थांबली. गाय तोंड वर करून बादलीकडे पाहत राहिली. इतका वेळ गेला की देवकन्येला वाटलं, ऐकू गेलं नसेल. आता दुसऱ्यांदा म्हणायचं बळ आपल्यात नाही.

“तांबडे,” भासरे म्हणाले, “घरात म्हना, राग नाई. खदानीत पानी भरलं तं मानूस वरते येते. हे तं आंगातच भरलं. आता कुठं वरते जाऊ?”

मग ते पुन्हा म्हणाले, “हिची जाऊ असती तं तिले बी मी सांगतलं नसतं. इथं न सांगता कोनं ओळखलं, न बोलता करून ठेवलं. खूप बरं वाटलं होतं. तेवढंच गेलं, पाहा.”

देवकन्येनं कुडाला हात टेकला. रागानं बोलले असते तर तिनं ऐकून घेतलं असतं. ‘बरं वाटलं होतं’ हे शब्द मात्र तिला ऐकवेनात.

“तांबडे, सांग त्याईले,” ती म्हणाली, “खुर्ची पायरीखाली नाई लागत. मी पाहून घेतो.”

तिनं ढेप कुडाखालून आत सरकवली आणि घरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेली. इश्वर चिंचेनं समई घासत होता. ती खांबाआड उभी राहिली, पदर कपाळावर.

“भाऊजी, एक मागनं होतं.”

“बोला ना वहिनी.”

“या भिंतीच्या साऱ्या खुर्च्यांले मी खोळी शिवून देतो. सारख्या. एकाच कापडाच्या. त्यात आमचीबी एक राहीन. कोनती कोनाची, कोनाले कळनार नाई.”

इश्वरनं समई खाली ठेवली. “वहिनी, मले काही नाई वो. पन फरशीचं काय? देवाचं ठिकान आहे.”

“फरशी मी पुसतो. भजनाच्या आधी अन् भजन झाल्यावर. खोळी घरी नेतो, धुतो, आनून बांधतो. तुमाले बोटभर डाग दिसला तं मले सांगा, त्याईले नाई.”

“रोज?”

“रोज.”

तो डोकं खाजवत राहिला. त्याला काहीतरी म्हणायचं होतं आणि म्हणवत नव्हतं. शेवटी समईकडे पाहत म्हणाला, “रोज म्हनता, पन मंग… तुमचे ते दिवस असतीन तवा? कोन करीन? लोक तेबी पाहतात.”

देवकन्येनं मान आणखी खाली केली. पायरीखाली उभं राहणं तिला ठाऊक होतं. इतकी वर्षं महिन्याचे ते दिवस ती तिथंच उभी राहून हात जोडत आली होती, आणि त्यात तिला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. आपल्या अंगातलं पुरुषाला सांगायचं नसतं, हेही ठाऊक होतं. आईला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही अजून धड सांगितलं नव्हतं. तिचे कान गरम झाले. देवासमोर, परक्या माणसापुढं, ती म्हणाली, “ते आता बंद झाले.”

इश्वर एकदम खाली पाहू लागला. त्याच्या हातातली चिंच तशीच राहिली.

“शिवा वहिनी,” तो म्हणाला. “मी कोनाले काही बोलत नाई. याचंबी नाई, त्याचंबी नाई.”

“मी देवापुढं कबूल झाली,” ती म्हणाली. “मोडत नाई.”

कापड तिनं तुमसरच्या बाजारातून आणलं, दाट निळं. रेक्झिनसाठी मनिषला निरोप पाठवला; त्यानं कॅम्पवरचे तुकडे पोत्यात भरून आणून दिले. “एवढ्या खोळी कोनासाठी ताई?” त्यानं विचारलं. ती हसली, आणि धाग्याचं रीळ बदलायला खाली वाकली. या वेळी नाड्यांऐवजी तिनं नायलॉनची पट्टी घ्यायची ठरवली, आणि गाठीच्या जागी दाबायची बटणं. ज्याला त्याला बसल्या जागी, न पाहता, एका हातानं सोडता यावी अशी. मशीन दिवसभर चालायचं. दामिनी विचारायची, “आई, देवळाचं टेंडर भरलं का वो?” आणि पायडलचा आवाज तेवढा उत्तर द्यायचा.

पट्ट्या कापायच्या राहिल्या होत्या. नायलॉन कापला की त्याचे दोरे सुटतात, टोक जाळून बंद करावं लागतं. ते काम उद्यावर टाकून ती झोपली. सकाळी तुळशीला पाणी घालून आली तेव्हा मशीनवर सगळ्या पट्ट्या कापून, एका मापाच्या करून ठेवल्या होत्या. प्रत्येक टोक काडीनं जाळून दाबलेलं. जळक्या काड्या बाजूला, एका कागदावर, नीट गोळा करून.

कैलाश आंघोळ करत होता. दामिनी अजून पांघरुणात होती. गोठ्यातून खाकरण्याचा आवाज आला.

तिनं कुणाला विचारलं नाही. पट्ट्या उचलल्या आणि शिवायला बसली.

शेवटची खोळ दुपार कलल्यावर झाली. भजनाला अजून अवकाश होता. तिनं सगळ्या खोळी चादरीत बांधल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं, एका हातात बादली, त्यात पुसायचं फडकं. अंगणातून जाताना गोठ्याकडे पाहिलं नाही. पदर सावरून भिंतीच्या कडेनं, नेहमीसारखी, फाटकाबाहेर आली. रस्त्यावर धानाचा कोंडा उडत होता.

गोदावरीबाई आपल्या दारात सूप घेऊन बसली होती. देवकन्येला पाहून ती अर्धी उठली.

“कुठं चालली वो एवढं ओझं घेऊन? काय आहे त्याच्यात?”

“मंदिर पुसाले चालली काकी,” देवकन्या म्हणाली, आणि पुढं चालू लागली.